चार इंच

परवा रात्री दीड-दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. दिवा लावला नाही. नव्या स्वयंपाकघरातली बटणं अजून हाताला पाठ झालेली नाहीत, भिंतीवर चाचपडत बसण्यापेक्षा अंधार बरा. फिल्टरच्या दिशेने चार पावलं टाकली आणि डाव्या पायाची करंगळी लाकडावर अशी काही आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाट. शेगडीच्या बरोबर समोर, ओट्याला चिकटून. याआधीही दोन-तीनदा तो पायात आला होता, पण तेव्हा तो गुळगुळीत टाइलवरून घसरत सिंकखाली जाऊन धडकायचा, मला फार लागायचं नाही. या वेळी तो जागचा हलला नाही. करंगळी मुठीत धरून मी तिथेच खाली बसले. टाइल थंडगार होती. लॅमिनेटचा आणि गोंदाचा वास अजून गेलेला नाही, रात्री दारं-खिडक्या बंद असल्या की जास्तच येतो. कळ ओसरली तरी उठवेना.

पाट माझा नाही. पण तो तिथे आलाय तो माझ्यामुळे.

आमचा फ्लॅट १९८६ सालचा. तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट मागाहून चिकटवलेली. स्वयंपाकघर दहा बाय आठ, त्यात काळ्या कडप्प्याचा ओटा, खाली उभ्या कडप्प्यांचे कप्पे, कप्प्यांना दारं नाहीत, सासूबाईंनी जुन्या साडीचे शिवलेले पडदे. कोपऱ्यात कठड्याची मोरी, भिंतीवर स्टीलची मांडणी. कडप्प्याला लिंबू सोसत नाही, चिंच सोसत नाही. जिथे आंबट सांडलं तिथे दगड खाल्ला जातो आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. शेगडीच्या उजव्या हाताला आमच्या ओट्यावर अशा डागांची दाटी होती, कारण आमटीत कोळ घालायची वाटी तिथेच टेकवली जायची. दर दिवाळीच्या आधी सासूबाई खोबरेल तेलाच्या फडक्याने अख्खा ओटा चोळायच्या. दोन दिवस त्यात तोंड दिसायचं, तिसऱ्या दिवशी डाग परत वर यायचे. मला तो ओटा कधीच आवडला नाही. डागांमुळे नव्हे. तो ठेंगणा होता.

मी पाच फूट चार इंच. सासूबाई चार फूट दहा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कंबर भरून आली आणि सगळ्यांनी सांगितलं, सवय होईल. झालीही. बावीस वर्षं मी त्या ओट्यापुढे वाकून उभी राहिले. कुकर घासताना वाकून, कणीक मळताना आणखी वाकून, आणि भाजी चिरताना एक पाय खालच्या कप्प्यात टेकवून, बगळ्यासारखी. तीन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघत विचारलं होतं, "काम बसून करता की उभ्याने?" मी म्हटलं, "वाकून." त्यांना तो विनोद वाटला.

त्या ओट्याच्या उंचीची एक गोष्ट आहे, ती मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल. बिल्डिंगचं काम चालू असताना सासूबाई साइटवर गेल्या होत्या. गवंड्याने त्यांना भिंतीपाशी उभं केलं, "बाई, कणीक तिंबल्यासारखे हात धरा" म्हणाला, आणि कोपराखाली वीतभर अंतर सोडून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून तीस इंच. इतरांच्या फ्लॅटमध्ये बत्तीस. "आमचा तेवढा तीसचा," हे सांगताना त्या अजून ताठ होतात. बरीच वर्षं मला वाटायचं, दोन इंचांचं काय ते एवढं कौतुक!

त्यांचं माहेर नारायण पेठेतल्या वाड्यात. स्वयंपाक जमिनीवर बसून. चूल, शेजारी कोळशाची शेगडी, नंतर वातीचा स्टोव्ह, पण सगळं खालीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. पूर ओसरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर गाळ, पितळी भांडी बरीचशी वाहून गेलेली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटा मात्र जागच्या जागी. त्यांच्या आईने म्हणे आधी तो धुतला, मग बाकीच्या घराकडे बघितलं. लग्नानंतर चाळीतली खोली. तिथेही विळीवर बसून चिरायचं, स्टोव्हपाशी बसून पोळ्या करायच्या, वाढायला उठायचं, पुन्हा बसायचं. मोजल्या नाहीत, पण दिवसाला पन्नास-साठ उठबशा सहज होत असतील. त्यानंतर हा फ्लॅट. ब्लाउज सोडले तर त्यांच्या मापाने बनलेली त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वस्तू असावी. हे मला अलीकडे सुचलं, ओटा फोडून झाल्यावर.

संक्रांत झाली आणि काम ठरलं. आदल्या रात्री स्वयंपाकघर रिकामं झालेलं. मांडणी उतरवली होती, डबे खोक्यांत, खोक्यांवर माझ्या अक्षरात "डाळी", "मसाले", "सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र". झोपायच्या आधी बघते तर सासूबाई ओटा पुसताहेत. नुसता पुसत नव्हत्या, रोजच्यासारखा साबणाने घासून, पाणी निपटून, कोरड्या फडक्याने पुसून मग शेगडीच्या जागी रांगोळीची दोन बोटं. शेगडी तिथे नव्हतीच, ती दुपारीच बाल्कनीत गेली होती. मी म्हटलं, "आई, सकाळी फोडणार आहेत तो."

"म्हणून काय खरकटा ठेवायचा?"

सकाळी दहाला माणसं आली. ब्रेकरचा आवाज ज्याच्या घरात चालू असतो त्याला तो कानांनी ऐकू येत नाही, दातांत ऐकू येतो. अर्ध्या तासात धूळ बेडरूमच्या बंद कपाटात, नेसत्या साडीच्या निऱ्यांत, चहाच्या साखरेत. जुन्या ओट्यामागून झुरळांच्या तीन पिढ्या बाहेर पडल्या आणि हॉलमध्ये पांगल्या. दुपारी दोन ते चार काम बंद ठेवायचं, हा सोसायटीचा नियम. ती दोन तासांची शांतताही धुळीची होती. राडारोडा लिफ्टने न्यायचा नाही, हा दुसरा नियम. म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने. एकसष्ट गोण्या झाल्या. त्या मी मोजल्या, कारण कॉन्ट्रॅक्टर गोणीमागे पैसे लावणार होता. मोजताना मनात येत होतं, एवढ्याशा स्वयंपाकघरात एकसष्ट गोण्या कुठे मावल्या होत्या? एक कडप्पा तेवढा अख्खा निघाला. मुकादमाने तो कुणा ओळखीच्यांच्या मोरीसाठी नेला. सासूबाईंनी जिन्यापर्यंत जाऊन "सांभाळून रे" असं त्या दगडाला सांगितलं की गडीमाणसाला, मला कळलं नाही.

त्यानंतर आम्ही हॉलमध्ये राहायला गेलो, असंच म्हणायला हवं. फ्रिज टीव्हीशेजारी. बातम्या ऐकताना मधूनच त्याचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि निवेदकाचं वाक्य खाऊन टाकायचा. जेवणाच्या टेबलावर इंडक्शनची शेगडी. इंडक्शनला पितळ चालत नाही, ॲल्युमिनियम चालत नाही, म्हणजे आमच्या घरातली निम्मी भांडी बाद. सासूबाईंनी यावर उपाय काढला. फ्रिजच्या दारावरचा गणपतीचा लोहचुंबक काढून त्या खोकी उघडत एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघायच्या. चिकटला की "हे पास". लोखंडी तवा पास, बिडाचं भिडं पास, लग्नात मिळालेलं आजेसासऱ्यांच्या नावाचं पातेलं नापास. दुपारभर हा खेळ चालला. मला वाटतं त्या सगळ्या दिवसांत त्यांना खरी मजा आली ती तेवढीच.

भांडी बाथरूममध्ये. बुटक्या स्टुलावर बसून, शांपूच्या बाटल्या बाजूला सारून, कढई घासायची. आंघोळीच्या साबणाला फोडणीचा वास आणि फोडणीला आंघोळीच्या साबणाचा, असा शंभर टक्के न्याय चालू होता. पहिला आठवडा खिचडी, मुगाची, साबुदाण्याची, मसाल्याची. मग कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या. त्या पातळ, एकसारख्या, कडेपर्यंत मऊ असतात, तक्रारीला जागा नसते, तरी सासूबाई पहिला घास तोंडात घालून क्षणभर थांबायच्या. दहाव्या दिवसापासून थांबणंही बंद झालं. नवरा म्हणाला, "हेच बरंय की, कशाला हवाय एवढा खर्च." त्याला चहा करता येतो.

कामाला आलेल्या माणसांचं मात्र आमच्याकडे चांगलं बस्तान बसलं. सुतार राजस्थानचे. प्लंबर ओडिशातला, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईकडचा. त्या भागातली माणसं भारतभर नळ जोडत फिरतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्याने नवीन लाइन टाकली, मोरीच्या जागी वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत ओलं होतं का हे बघायला दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. ते दोन दिवस खालच्या काकू तासातासाला फोन करायच्या. सासूबाईंना हिंदी पुरेसं येतं, असं त्यांना वाटतं. "भैया, वो कोपरे में थोडा ओल दिखता है, जरा फडका मार के देखो ना." प्लंबर फडका मारून बघायचा. चार दिवसांत तो त्यांना "आई" म्हणू लागला आणि ओल, फडका, कोपरा हे शब्द हिंदीच आहेत अशा थाटात वापरायला लागला.

टाइलची खोकी आली त्या दिवशीची गोष्ट. खोक्यावर छापलेलं मोरबी त्यांनी चष्मा लावून वाचलं. "मोरबी म्हणजे ते मच्छू धरण फुटलं तेच ना?" मला माहीत नव्हतं. नवऱ्याने फोनवर बघितलं. ११ ऑगस्ट १९७९. "आम्ही चाळीत होतो तेव्हा. पेपरात फोटो आले होते. मी दोन दिवस जेवले नव्हते." मग खोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "गाव उभं राहिलं म्हणजे." त्या खोक्यात दोन बाय चारच्या पांढऱ्या टाइल होत्या, त्यावर संगमरवराच्या खोट्या करड्या शिरा. मी त्या चकचकीतपणासाठी निवडल्या होत्या. त्यांनी त्यात एक धरणफुटी जगलेलं गाव बघितलं. एकाच खोक्याकडे आम्ही दोघी बघत होतो.

दुपारी माणसं जेवायला बसायची ती मोडक्या स्वयंपाकघरातच, गोण्या अंथरून, गोल करून. रोट्या, कांदा, हिरवी मिरची. सासूबाई लोणच्याची बरणी घेऊन दाराच्या उंबऱ्यात बसायच्या. उंबरा म्हणजे आता उंबऱ्याची नुसती खाच. ओटा नाही, मांडणी नाही, नळ नाही. ब्रशने उकरल्यासारख्या विटांच्या भिंती आणि जमिनीवर बसून जेवणारी पाच माणसं. मला घाई असायची, मी तिथून ओलांडून जायचे. पण एकदा त्या म्हणाल्या, "आमचं वाड्यातलं घर अस्संच दिसायचं." त्यात दुःख बिलकुल नव्हतं.

वीस दिवस सांगितलेलं काम चोपन्न दिवस चाललं. मधले दिवस सांगण्यासारखे नाहीत, ज्यांनी घरात काम काढलंय त्यांना ते ठाऊक आहेत. माल यायचाय, माल आला पण चुकीचा, कारागीर गावाला गेला, त्याच्या साडूचं लग्न, उद्या येतो. "उद्या" हा शब्द कॉन्ट्रॅक्टर इतक्या निष्पापपणे उच्चारायचा की त्याच्यावर चिडताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. पण पाडव्याच्या दोन दिवस आधी शेवटची ट्रॉली बसली, ग्रॅनाइट पुसून झालं आणि मी आत जाऊन उभी राहिले.

आणि मला फार, फार छान वाटलं. हे खोटं का सांगू? चौतीस इंचांचा ओटा. काळा ग्रॅनाइट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, मध्ये सांधा नाही. मी पाण्याने भरलेलं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि घासून बघितलं. पाठ सरळ. बावीस वर्षांत पहिल्यांदा भांडं घासताना मला माझ्या हातांपलीकडची खिडकी दिसली, खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड दिसलं. ते झाड तिथे कायम होतं. मी उगाचच सगळी भांडी पुन्हा एकदा घासली. ड्रॉवर उघडून मिटून बघितले. ते आपटत नाहीत, शेवटच्या दोन बोटांवर येऊन थांबतात आणि मग समंजसपणे आपोआप मिटतात. आमच्या घरात रुसवेफुगवे भांड्यांच्या आवाजावरून कळायचे. ती सोय आता गेली, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पाडव्याला पुरण सासूबाईंचं. ते कधीच कुणी ठरवलं नाही, ते त्यांचंच. मी कैरीची डाळ वाटत होते, पाठमोरी. लाटण्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. वळून बघितलं तर त्यांचे कोपर वर, जवळजवळ खांद्याच्या रेषेत आलेले. पुरणपोळी हलक्या हाताने लाटायची असली तरी तो हलका हात वरून यावा लागतो. खालून वर लाटता येत नाही. शेगडीवर तवा, म्हणजे चौतीसच्या वर आणखी पाच-सहा इंच, आणि पोळी उलटताना त्या टाचा उंचावून तव्यात बघत होत्या, आपण खिडकीतून शेजारच्यांचं घर बघतो तसं. दुसरी पोळी फुटली. पुरण तव्यावर करपलं. त्यांची पोळी फुटलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. पोळपाट, लाटणं, पिठी उचलून हॉलमध्ये गेल्या आणि जमिनीवर बसून लाटू लागल्या. मी भाजत राहिले. हॉल ते ओटा, प्रत्येक पोळी उलथण्यावर तोलत नेणं नवऱ्याकडे आलं. त्याला ती गंमत वाटली, त्याने फोटोही काढला.

आता जे टोचतंय ते.

डिसेंबरात डिझाइनर मुलगी मापं घ्यायला आली होती. पंचविशीची, हातात लेझरचं यंत्र, चटपटीत. माझी उंची विचारली, चौतीस लिहिले. मग तिने सासूबाईंकडे बघितलं. त्या टेबलापाशी लसूण सोलत होत्या. मुलगी मला म्हणाली, "काकू, आजीपण स्वयंपाक करतात ना? मग खिडकीकडचा तीन फुटांचा भाग तीसवर ठेवू या का? शेगडी तिकडे घेऊ, दोघींनाही बरं पडेल. फक्त ग्रॅनाइट तिथे तुटेल, पायरी दिसेल." मी तिने आणलेल्या फोटोतला लांबच लांब अखंड ओटा बघत होते. मी म्हटलं, "पायरी दिसायला बरी नाही दिसणार." आणि हसले. म्हणजे काही क्रूरपणे नाही, असंच, बाई बाईशी हसते तसं. मुलगी पण हसली. सासूबाई लसणाची साल फुंकत म्हणाल्या, "एकसारखाच बरा गं. मी आता किती दिवस करणारे."

मी ते संमती म्हणून घेतलं. वहीत लिहावी तशी डोक्यात नोंदवून घेतली, की त्यांना विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या होत्या. पुढचे तीन महिने ती नोंद मला उपयोगी पडली. आणि एका अर्थी ती खरीही आहे. माझी कंबर खरी होती, बावीस वर्षं खरी होती, त्या बावीस वर्षांत मलाही कुणी विचारलं नव्हतं की तुला हा ओटा पुरतो का. हे सगळं बरोबर आहे. पण तीन फुटांचा तुकडा मागितला होता कुणीतरी, तोही त्यांनी नव्हे, एका परक्या मुलीने.

पाडव्यानंतर चार दिवसांनी पाट आला. सागवानी, कोपऱ्यांवर पितळी फुलं, भाऊबीजेला आणि वाढदिवसाला औक्षणासाठी निघणाऱ्या सहांपैकी एक. माझ्या लेकीचा लहानपणी पाटाला पाय लागला की तिला वाकून नमस्कार करायला लावणाऱ्या या बाई. आता त्याच पाटावर दोन्ही पाय ठेवून त्या आमटी ढवळतात. मी बोलले नाही. ऑनलाइन एक प्लॅस्टिकची पायरी मागवली, न घसरणारी, चार इंचांची, मापून. त्यांनी ती कौतुकाने घेतली, "किती हलकी आहे गं," आणि तिच्यावर बाल्कनीतला कढीलिंब ठेवला. त्याला तिथे ऊन छान मिळतं. पाट दोन-अडीच इंचांचा. म्हणजे दीड इंच कमीच पडतो. तरी तोच.

परवा रात्री करंगळी चोळत बसले असताना मी पाट उलटा केला. हलत का नाही हा, हे बघायचं होतं. खाली चार कोपऱ्यांना रबराच्या चार जाड चकत्या, खिळ्यांनी नीट ठोकलेल्या. हे काम नवऱ्याचं नाही, त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही. मागच्या आठवड्यात सुतार एका झडपेची बिजागरी घट्ट करायला येऊन गेला होता, मी ऑफिसात होते. सकाळी विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, त्यालाच सांगितलं. पैसे घेतले नाहीत त्याने. लोणचं दिलं."

मी म्हटलं, "मला लागला तो रात्री."

"अगं बाई! बघू," म्हणत त्या वाकल्या, करंगळी हळूच दाबून बघितली आणि हळद गरम करायला ठेवायला पाटावर चढल्या.

तेव्हापासून रात्री त्या पाट उभा करून ठेवतात, शेगडीखालच्या ट्रॉलीला टेकवून. त्या ट्रॉलीत मी कढया आणि झाकणं ठेवली होती. सकाळी ती उघडायची म्हणजे आधी पाट सरकवावा लागतो, मग ट्रॉली, मग पाट पुन्हा होता तसा. रविवारी मी कढया दुसरीकडे हलवल्या. त्या ट्रॉलीत आता सोऱ्या आहे, मोदकपात्र आहे, वर्षातून चारदा लागणारं सगळं.